हॅरिसन रोडचा सत्यान्वेषी, पुण्याचा लेखक

थ्रेड : दूरदर्शनवरील ‘ब्योमकेश बक्षी’ आणि दूरवरून आठवलेल्या एका शहराचा इतिहास

१/ १९९३ साली दूरदर्शनवर एक निराळाच गुप्तहेर अवतरला. त्याच्या अंगावर धोतर आणि सदरा होता. हाती पिस्तूल नव्हते, मोटारींचे पाठलाग नव्हते. खोलीत बसून तो चहा घेई, सिगारेट ओढी, समोरच्याचे बोलणे शांतपणे ऐके आणि अखेरीस एका वाक्यात गुंता सोडवी. रजित कपूर यांनी साकारलेल्या ब्योमकेश बक्षीमुळे एका संपूर्ण पिढीच्या डोळ्यांसमोर ‘जुने कलकत्ता’ उभे राहिले.

२/ हे जुने कलकत्ता आले कुठून? ज्या लेखकाच्या कथांवरून ही मालिका घडली, त्याने त्यांतील बहुसंख्य कथा कलकत्त्यापासून शेकडो मैल दूर, महाराष्ट्रात राहून लिहिल्या. मालिकेचा दिग्दर्शकही मुंबईच्या चित्रसृष्टीत घडलेला. पडद्यावर दिसणारे ते शहर म्हणजे स्मृतीतून उभारलेली वास्तू आहे, आणि स्मृतीचा पुरावा कसा वाचावा, हा इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकापुढील प्रश्न आहे.

३/ शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा जन्म ३० मार्च १८९९ रोजी जौनपूर येथे झाला. बालपण बिहारमधील बंगाली वस्तीत गेले. महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते कलकत्त्यास आले. तेथे हॅरिसन रोडवरील एका ‘मेस’मध्ये त्यांचा मुक्काम होता. आज हा रस्ता महात्मा गांधी मार्ग या नावाने ओळखला जातो. पुढे ब्योमकेशचे बिऱ्हाडही त्यांनी याच रस्त्यावर थाटले.

४/ ‘मेस’ म्हणजे केवळ खाणावळ नव्हे. गावाकडे कुटुंब ठेवून शहरात नोकरी करणारे कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी एका घरात भाड्याने खोल्या घेत. स्वयंपाकी आणि नोकर सामाईक असत. मुंबईतील गिरणगावाच्या खानावळी आणि गाळे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. परस्परांची पूर्वपीठिका ठाऊक नसलेली माणसे एका छपराखाली राहत. रहस्यकथेला याहून सोयीची जागा कोणती?

५/ ‘सत्यान्वेषी’ या कथेत ब्योमकेशची पहिली भेट अशाच एका मेसमध्ये घडते. कथेचा काळ बंगाली सन १३३१, म्हणजे इसवी सन १९२४-२५. चिनी वस्तीनजीकचा भाग, कोकेनचा चोरटा व्यापार, लागोपाठ होणारे खून, आणि अतुलचंद्र मित्र असे खोटे नाव धारण करून राहायला आलेला एक तरुण. कथा प्रसिद्ध झाली १९३२ च्या सुमारास. लेखक जवळजवळ आपल्या डोळ्यांदेखतच्या शहराविषयी लिहीत होता.

६/ बंगालीत गुन्हेकथेची परंपरा त्याआधीच रुजली होती. प्रियनाथ मुखोपाध्याय या पोलीस अधिकाऱ्याची ‘दारोगार दप्तर’ ही मालिका १८९० च्या दशकात लोकप्रिय झाली होती. नंतरच्या काळात दिनेंद्रकुमार राय यांच्या लेखणीतून इंग्रज गुप्तहेर रॉबर्ट ब्लेक बंगाली वाचकांना लंडनच्या रस्त्यांवरून फिरवून आणत होता. एकीकडे वसाहतीच्या सरकारचा दारोगा, दुसरीकडे परदेशी नायक. सुशिक्षित बंगाली माणसाच्या घरात सहज वावरेल, असा शोधकर्ता मात्र हवा होता.

७/ शरदिंदूंनी तो निर्माण केला आणि त्याला नावही निराळे दिले. ब्योमकेशला ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द रुचत नाही आणि ‘गोयंदा’ हा देशी शब्द तर त्याहून नकोसा वाटतो. कारण उघड आहे. क्रांतिकारकांच्या मागावर असणाऱ्या सरकारी हेरांच्या काळात ‘हेर’ या शब्दालाच संशयाचा वास होता. म्हणून त्याने दारावर पाटी लावली ती ‘सत्यान्वेषी’ अशी. एका शब्दात पोलीस, हेर आणि साहेब या तिघांपासूनही अंतर राखले गेले.

८/ या कथांमध्ये खुनाइतकेच ठळक दिसते ते मृत्युपत्र. ‘अर्थमनर्थम्’ या कथेतील करालीबाबू आपले मृत्युपत्र पुनःपुन्हा बदलत असतात आणि एके दिवशी त्यांचा खून होतो. बंगाली रहस्यकथेत मृत्युपत्राला एवढे महत्त्व का, याचा एक धागा हिंदू कायद्याच्या इतिहासात सापडतो.

९/ भारताच्या बहुतेक भागांत, महाराष्ट्रातही, विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ची परंपरा चाले. तीनुसार वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क मिळे. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ प्रमाण मानला जाई. तेथे पिता हयात असेपर्यंत मुलाचा हक्क निर्माणच होत नसे; वडिलोपार्जित संपत्तीचीही विल्हेवाट पिता आपल्या मर्जीने लावू शके. घरातील कर्त्या वृद्धाची लहर हीच वारसांची नियती ठरे. रहस्यकथेतील ताण असा कायद्याच्या पोटातून येतो.

१०/ ‘अर्थमनर्थम्’मध्येच शृंगाराचा धागाही गुंफला जातो. ज्याच्यावर खुनाचा आळ येतो, त्या सुकुमारची बहीण सत्यवती ब्योमकेशला भेटते. ती सावळी, किरकोळ अंगाची, बुद्धिमान आणि निर्भय आहे. भावाला वाचवण्यासाठी धडपडणारी ही तरुणी पुढे ब्योमकेशची पत्नी होते. शेरलॉक होम्स अविवाहित राहिला; ब्योमकेशने संसार केला. शरदिंदूंचा नायक बंगाली ठरतो तो धोतरामुळे नव्हे, या संसारामुळे. मालिकेत सत्यवतीची भूमिका मराठी अभिनेत्री सुकन्या कुलकर्णी यांनी केली.

११/ १९३६ पर्यंत १० कथा लिहून शरदिंदूंनी ब्योमकेशला निरोप दिला. १९३८ मध्ये हिमांशू राय यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईस, ‘बॉम्बे टॉकीज’मध्ये आले. मालाडच्या या चित्रसंस्थेसाठी आणि नंतर इतरांसाठी त्यांनी पटकथा लिहिल्या. ‘दुर्गा’ आणि ‘कंगन’ हे १९३९ मधील चित्रपट त्यांपैकीच. १९५२ मध्ये चित्रपटसृष्टी सोडून ते पुण्यात स्थायिक झाले.

१२/ मधल्या वर्षांत बंगाल होरपळून निघाला. महायुद्ध, १९४३ चा दुष्काळ, १६ ऑगस्ट १९४६ पासूनचा कलकत्त्यातील नरसंहार, आणि फाळणी. ज्या शहरात ब्योमकेश पूर्वी वावरला होता, ते शहर उरले नव्हते. अशा वेळी, कलकत्त्याच्या एका भेटीत तरुण वाचकांनी धरलेल्या आग्रहामुळे शरदिंदूंनी सुमारे १५ वर्षांनंतर पुन्हा लेखणी उचलली. १९५१ च्या ‘चित्रचोर’पासून पुढे २२ पूर्ण कथा झाल्या, आणि त्यांतील बहुतेक पुण्यात लिहिल्या गेल्या.

१३/ १९५५ मधील ‘आदिम रिपु’ ही त्यांतील सर्वांत अस्वस्थ करणारी कथा. तिची पार्श्वभूमी १९४६-४७ च्या दंगलग्रस्त कलकत्त्याची आहे आणि कथानक स्वातंत्र्याच्या उंबरठ्याशी येऊन थांबते. रस्त्यावर माणसे निनावी मारली जात असताना एका खोलीत झालेल्या एका खुनाचे सत्य शोधण्याला काय अर्थ उरतो? ब्योमकेश सत्य शोधतोच. परंतु ते कायद्याच्या हवाली करावे की नाही, हा निर्णय त्याला स्वतःला घ्यावा लागतो.

१४/ येथे काळाचे गणित लक्षात घ्यावे. १९२४ चे शहर १९३२ मध्ये लिहिले गेले, तेव्हा ते समकालीनाचे निरीक्षण होते. १९४६ चे शहर १९५५ मध्ये पुण्यातून लिहिले गेले, तेव्हा ती दूरच्या माणसाची आठवण होती. दोन्ही कथा एकाच लेखकाच्या, एकाच नायकाच्या. पण पुरावा म्हणून त्यांचे मोल एकसारखे नाही. कथेतील घटनेचा काळ आणि कथेच्या लेखनाचा काळ वेगवेगळा नोंदवावा, हा धडा या दोन कथा शेजारी ठेवल्यास आपोआप मिळतो.

१५/ महाराष्ट्रानेही या लेखनावर आपला ठसा उमटवला. ‘शैलरहस्य’ या कथेत ब्योमकेश थेट महाबळेश्वरला येतो. तेथील सह्याद्री हॉटेलातील गूढ प्रसंग तो पत्रांतून मित्र अजितला कळवतो, आणि त्या प्रसंगावर भुताची सावली आहे. शिवाय बंगाली मुलांसाठी शरदिंदूंनी सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या साहसकथा रचल्या; हा सदाशिव शिवाजी महाराजांच्या मावळ्यांत सामील होतो. विजयनगरच्या पार्श्वभूमीवरील ‘तुंगभद्रार तीरे’ (१९६५) या ऐतिहासिक कादंबरीला रवींद्र पुरस्कार लाभला.

१६/ रहस्य आणि प्रणय यांचा पूर्ण मिलाफ होतो तो १९६७ च्या ‘शजारुर काँटा’मध्ये. शहरात कोणीतरी साळिंदराच्या काट्याने माणसे मारत सुटले आहे. त्याच वेळी एका नवविवाहित जोडप्याच्या घरात अबोला आहे. पत्नीचे मन दुसऱ्या कुणात गुंतलेले. खुन्याच्या शोधाइतकीच उत्कंठा या दोघांच्या नात्याची आहे. दूरदर्शनवर ही कथा ‘साही का काँटा’ या नावाने आली.

१७/ आता मालिकेकडे वळू. दिग्दर्शक बासू चटर्जी यांचा जन्म अजमेरचा. मुंबईत ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात त्यांनी अनेक वर्षे व्यंगचित्रे काढली आणि मग ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’, ‘चितचोर’ असे मध्यमवर्गीय जीवनाचे चित्रपट दिले. १९८५ मध्ये ‘रजनी’ आणि भारतीय भाषांतील कथांवरील ‘दर्पण’ या मालिकांनी त्यांना छोट्या पडद्याचे व्याकरण शिकवले. साहित्यकृतीला अर्ध्या तासात बसवायचे, पण तिचा श्वास कोंडू द्यायचा नाही, ही ती शिकवण.

१८/ तोवर दूरदर्शनवरील गुप्तहेर म्हणजे गाजर खाणारा, चटपटीत ‘करमचंद’. १९९२ च्या अखेरीस ‘झी’ वाहिनी सुरू झाली आणि सरकारी पडद्यासमोर चकचकीत स्पर्धा उभी राहिली. अशा वेळी बासूदांनी उलट वाट धरली. भव्य देखाव्यांऐवजी खोल्या, जिने, दिवाणखाने, पाठलागाऐवजी संभाषण. के. के. रैना यांचा अजित प्रेक्षकांच्या वतीने बुचकळ्यात पडे. पहिली मालिका १९९३ मध्ये आली, दुसरी १९९७ मध्ये.

१९/ साधेपणाचा एक ऐतिहासिक लाभ झाला. शरदिंदूंच्या कथांतील गुन्हे घरात घडतात; वारसा, विवाह, भाडे आणि प्रतिष्ठा यांभोवती फिरतात. खोल्यांमध्ये रमणारा कॅमेरा त्या जगाशी इमान राखू शकला. ‘रास्ते का काँटा’मध्ये ग्रामोफोनच्या पिनने होणारे खून पाहताना ग्रामोफोन ही त्या काळच्या घरातील नवी वस्तू होती, हेही नकळत कळते.

२०/ एक गोष्ट मात्र हरवली. पुस्तकांतील ब्योमकेशचे वय वाढते. मेसमधील ब्रह्मचारी पती होतो, पिता होतो, उतारवयात स्वतःचे घर बांधतो. अजित प्रकाशनव्यवसायात गुंततो आणि शेवटच्या कथांतून निवेदक म्हणून दूर होतो. सुमारे चार दशकांचा हा प्रवास पडद्यावर ‘जुना काळ’ नावाच्या एकाच पिवळसर रंगात मिसळला. १९२४ चे आणि १९६७ चे कलकत्ता प्रेक्षकाला वेगळे ओळखू येत नाही. ऐतिहासिक मालिका वेशभूषा जपतात. कालक्रम अनेकदा त्यांच्या हातून निसटतो.

२१/ २२ सप्टेंबर १९७० रोजी शरदिंदूंचे निधन झाले. ‘विशुपाल वध’ ही ब्योमकेशची ३३ वी कथा अपुरी राहिली. सत्यजित राय यांच्या ‘चिडियाखाना’ (१९६७) या चित्रपटात उत्तमकुमार यांनी साकारलेला ब्योमकेश त्यांच्या हयातीतच पडद्यावर आला होता. पण बंगालबाहेरच्या घराघरांत तो पोहोचला तो दूरदर्शनमुळेच, लेखकाच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी.

२२/ मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हा दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली. दारे बंद असलेल्या देशाने बंद खोल्यांतील त्या कथा पुन्हा पाहिल्या. त्याच वर्षी ४ जून रोजी बासू चटर्जी मुंबईत निवर्तले.

२३/ ब्योमकेशने स्वतःला सत्यान्वेषी म्हणवले. त्याच्या कथा वाचताना वा पाहताना हीच कसोटी त्यांनाही लावावी : हे कोणी सांगितले, केव्हा सांगितले आणि कोठून सांगितले? हॅरिसन रोडच्या त्या खोलीतील काही पुरावे कलकत्त्यात सापडतील. उरलेल्यांसाठी पुण्याच्या एका लेखकाच्या मेजाशी यावे लागेल.