फळमाशीतील जनुकमात्रा भरपाई

फळमाशीतील जनुकमात्रा भरपाई म्हणजे नर व मादी यांच्यातील एक्स गुणसूत्रांची संख्या असमान असूनही त्यांवरील जनुकांचे कार्य दोघांत जवळजवळ समान राखणारी यंत्रणा होय. ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या जातीत नराच्या एकुलत्या एक्स गुणसूत्राचे कार्य सुमारे दुप्पट करून हा समतोल साधला जातो.

पार्श्वभूमी

या माशीच्या कायिक पेशींत गुणसूत्रांच्या चार जोड्या असतात. मादीत दोन एक्स, तर नरात एक एक्स व एक वाय गुणसूत्र असते. वाय गुणसूत्रावर फारच थोडी जनुके असून त्यांचा संबंध मुख्यतः नराच्या प्रजननक्षमतेशी आहे. वायविना जन्मलेला नर जगतो, मात्र वंध्य असतो. याउलट एक्स गुणसूत्रावर एकूण जनुकांपैकी सुमारे एक-पंचमांश जनुके असतात व त्यांतील बहुतेकांचा लिंगभेदाशी थेट संबंध नसतो. त्यांची प्रथिने अन्य गुणसूत्रांवरील जनुकांच्या प्रथिनांबरोबर ठरावीक प्रमाणात कार्य करतात. भरपाई न झाल्यास नराच्या पेशींत हे प्रमाण बिघडते.

शोधाचा इतिहास

अमेरिकन आनुवंशिकीविज्ञ हर्मन जे. म्यूलर यांनी १९३२ मध्ये ही संकल्पना मांडली. डोळ्यांचा रंग फिकट करणाऱ्या 'ॲप्रिकॉट' या एक्सवरील उत्परिवर्ती जनुकाच्या दोन प्रती असलेल्या मादीचे डोळे एकच प्रत असलेल्या मादीपेक्षा गडद असतात. म्हणजेच रंग प्रतींच्या संख्येवर अवलंबून असतो. तरीही एकच प्रत असलेल्या नराचे डोळे दोन प्रतींच्या मादीइतकेच गडद दिसतात. त्यावरून नरात या जनुकाचे कार्य वाढलेले असावे, असा निष्कर्ष निघाला.

१९६५ मध्ये ए. एस. मुखर्जी व डब्ल्यू. बीरमान यांनी याचा प्रत्यक्ष पुरावा दिला. अळीच्या लालाग्रंथींतील महाकाय गुणसूत्रांवर किरणोत्सारी यूरिडीनचा वापर करून त्यांनी दाखवले, की नराचे एक एक्स गुणसूत्र मादीच्या दोन एक्स गुणसूत्रांइतकेच आरएनए तयार करते.

कार्यपद्धती

ही भरपाई एमएसएल संकुल घडवून आणते. त्यात एमएसएल-१, एमएसएल-२, एमएसएल-३, एमएलई व एमओएफ ही पाच प्रथिने आणि रॉक्स-१ व रॉक्स-२ हे प्रथिन न घडवणारे आरएनए असतात. संकुल प्रथम एक्स गुणसूत्रावरील विशिष्ट स्थळांना चिकटते व तेथून जवळच्या कार्यरत जनुकांपर्यंत पसरते. एमओएफ हे विकर हिस्टोन-४ या प्रथिनातील १६ व्या स्थानावरील लायसीनला ॲसिटिल गट जोडते. त्यामुळे गुणसूत्राची घट्ट घडी सैल होते व प्रतिलेखन वाढते.

यंत्रणेची कळ

संकुलातील बहुतेक प्रथिने मादीतही आढळतात. एमएसएल-२ मात्र सामान्यतः नरातच तयार होते. मादीत दोन एक्स गुणसूत्रांमुळे 'सेक्स-लीथल' हे जनुक कार्यान्वित होते. त्याचे प्रथिन एमएसएल-२ च्या संदेशवाहक आरएनएला चिकटून त्यापासून प्रथिन बनू देत नाही. परिणामी मादीत संकुल उभे राहत नाही.

या नियंत्रणातील बिघाड जिवावर बेततो. संकुलातील एखादे प्रथिन नष्ट झाल्यास नर प्रौढ होण्यापूर्वीच, अळी किंवा कोषाच्या अवस्थेत मरतात. 'मेल-स्पेसिफिक लीथल', म्हणजे केवळ नरांना घातक, या नावाचे संक्षिप्त रूप म्हणजेच एमएसएल. उलटपक्षी, मादीत कृत्रिमरीत्या एमएसएल-२ तयार करविल्यास संकुल तिच्या दोन्ही एक्स गुणसूत्रांवर बसते आणि तिची वाढ खुंटते किंवा ती दगावते.

इतर प्राण्यांशी तुलना

हाच प्रश्न इतर प्राण्यांत वेगळ्या रीतीने सुटलेला आहे. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडल्याप्रमाणे, सस्तन प्राण्यांत मादीच्या प्रत्येक कायिक पेशीतील एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय केले जाते. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या गोलकृमीच्या उभयलिंगी जीवांत दोन्ही एक्स गुणसूत्रांचे कार्य सुमारे निम्मे केले जाते. फळमाशीत मात्र मादीची दोन्ही एक्स गुणसूत्रे कार्यरत राहतात आणि भरपाईचा सारा भार नराच्या एका गुणसूत्रावर पडतो.