सगळ्यात वाईट टीम कशी बनते? क्लीव्हलंड स्पायडर्स, १८९९

एरवी आपण जिंकणाऱ्यांच्या गोष्टी सांगतो. आजची गोष्ट हरणाऱ्यांची आहे, आणि सुरुवात माझ्यापासूनच करते.

गेल्या पावसाळ्यात मला फोनवरच्या एका बेसबॉल गेमचं वेड लागलं होतं. यात बॅट आपण फिरवायची नसते. आपण मॅनेजर. खेळाडू घ्यायचे, विकायचे, टीम लावायची. मॅच कॉम्प्युटर खेळतो, खेळाडूंच्या आकड्यांवरून. तसा हा प्रकार जुनाच. १९६१ साली अमेरिकेत हॅल रिचमननं 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हा खेळ बाजारात आणला. खऱ्या खेळाडूंची कार्डं आणि सोबत फासे. ज्याची खरी कामगिरी चांगली, त्याचं कार्ड चांगलं. माझ्या फोनमध्ये हेच चाललं होतं, फक्त फासे दिसत नव्हते.

दोन सीझन इमानदारीत खेळले. मग डोक्यात किडा वळवळला, की जगातली सगळ्यात वाईट टीम बनवायची. एक सीझन म्हणजे १६२ मॅच. सगळ्याच्या सगळ्या हरायच्या!

चांगले खेळाडू फुकटात देऊन टाकले. पिचर, म्हणजे आपल्याकडचा बॉलर म्हणा, सगळ्यात कच्चे घेतले. तरी चार-पाच दिवसांनी एखादी मॅच जिंकायचोच. धाकटा भाऊ शेजारी बसून हसत होता. म्हणाला, "ताई, तुला धड हरताही येत नाही!"

खरंच येत नव्हतं. कारण बेसबॉलच तसा आहे. २००१ साली सिॲटल मरिनर्सनी ११६ मॅच जिंकल्या, तरी ४६ हरल्या. २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्स १२१ हरले, तरी ४१ जिंकले. एका दिवसाच्या मॅचमध्ये नशिबाचा वाटा मोठा असतो. ढ टीमलाही अधूनमधून लॉटरी लागते.

मग मी एक नियम केला. जो आठवडाभर चांगला खेळेल, त्याला लगेच काढायचं. हा नियम लागू पडला आणि टीम धडाधड हरायला लागली. तेव्हा मनात आलं, खऱ्या आयुष्यात असं कुणी केलं असेल का?

केलंय. आता चला १८९९ सालात.

अमेरिकेतलं क्लीव्हलंड शहर. तिथल्या टीमचं नाव स्पायडर्स. ही रडकी टीम अजिबात नव्हती. १८९८ साली त्यांनी ८१ मॅच जिंकल्या होत्या. त्यांचा पिचर होता साय यंग. त्याचा ५११ विजयांचा विक्रम आजही कायम आहे, आणि दरवर्षी सर्वोत्तम पिचरला जो पुरस्कार मिळतो तो त्याच्याच नावाचा.

टीमचे मालक होते फ्रँक आणि स्टॅन्ली रॉबिसन हे दोघे भाऊ. त्यांचा ट्रामचा धंदा होता. अडचण एकच, क्लीव्हलंडमध्ये गल्ला जमत नव्हता. रविवारी, म्हणजे कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी, मॅच खेळायला तिथे आडकाठी होती. १८९७ मध्ये तर रविवारी खेळले म्हणून खेळाडूंना अटक झाली होती. तिकडे सेंट लुईस शहरात रविवारी खेळता यायचं. तिथल्या टीमचा मालक कर्जात बुडाला, टीमचा लिलाव झाला आणि १८९९ च्या सीझनआधी ती रॉबिसन बंधूंच्या हातात आली.

आता दोन टीम, मालक एकच, आणि लीगही तीच. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण तेव्हा ते चालायचं. भावांनी साय यंगसकट सगळे स्टार उचलले आणि सेंट लुईसला नेले. त्या टीमला नाव दिलं 'परफेक्टोज'. तिकडे ज्यांची गरज नव्हती, ते आले क्लीव्हलंडला. पहिलीच मॅच याच दोन टीममध्ये झाली आणि स्पायडर्स १०-१ हरले. म्हणजे आपल्याच जुन्या मित्रांकडून मार खाल्ला.

तरी लेव्ह क्रॉस नावाचा खेळाडू-मॅनेजर टीम रेटत होता. ३८ मॅचमध्ये ८ विजय. आणि तो स्वतः बरा खेळत होता. मग काय झालं असेल? मालकांनी त्यालाही सेंट लुईसला नेलं. हे वाचलं आणि मी फोन खाली ठेवला. जो चांगला खेळेल त्याला काढायचं, हा तर माझाच नियम होता!

क्रॉसनंतर जबाबदारी आली ज्यो क्विनवर. हा जन्मानं ऑस्ट्रेलियन, आणि बेसबॉलशिवाय त्याचा दुसरा व्यवसाय होता अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा. त्याच्या हाताखाली टीम १२ जिंकली, १०४ हरली.

लोकांनी मैदानाकडे पाठ फिरवली. घरच्या ४२ मॅचना मिळून ६,०८८ प्रेक्षक. म्हणजे एका मॅचला साधारण १४५ माणसं. आपल्याकडे एखाद्या लग्नाच्या पंगतीलाही याहून जास्त पानं उठतात. पाहुण्या टीमला गल्ल्यातला वाटा मिळायचा, पण त्यात प्रवासखर्चही निघेना. त्यांनी क्लीव्हलंडला यायचंच बंद केलं. मग स्पायडर्स गावोगाव फिरत राहिले. घराबाहेर ११२ मॅच, त्यातल्या १०१ हरल्या. आज कुठलीही टीम सीझनमध्ये घराबाहेर ८१ मॅच खेळते, त्यामुळे हा विक्रम मोडणं शक्यच नाही.

मध्ये सलग २४ पराभव. शेवटच्या ४१ मॅचमध्ये एकच विजय. शेवटच्या दिवशी सिनसिनाटीत पिचिंगला उभा केला एडी कोल्ब, हॉटेलातल्या सिगारच्या काउंटरवर काम करणारा पोरगा. निकाल १९-३. पूर्ण सीझन: २० विजय, १३४ पराभव.

आणि ती 'परफेक्ट' टीम? ती आली पाचवी. आदल्या वर्षी स्पायडर्सही पाचवेच होते! एवढा उपद्व्याप करून भावांच्या हाती नंबर तोच आला. पुढच्या वर्षी लीगनं १२ पैकी ४ टीम बंद केल्या. त्यात क्लीव्हलंडही गेलं.

म्हणून मला 'मुद्दाम हरवलं' हे वर्णन अपुरं वाटतं. रॉबिसन बंधूंनी मॅच हरा असं सांगितलं नव्हतं. त्यांना दुसरीकडे जिंकायचं होतं, आणि त्यातून जे उरलं त्याची ही टीम होती. एवढी वाईट टीम नुसत्या वाईट खेळाडूंनी बनत नाही. चांगलं खेळणाऱ्याला तिथे टिकूच द्यायचं नाही, असं कुणीतरी वर बसून ठरवावं लागतं.

माझ्या गेममधल्या खेळाडूंना काही वाटत नव्हतं. पण जिम ह्यूई नावाचा पिचर खरा होता. ४ विजय, ३० पराभव. त्याच्यानंतर आजवर एकाही पिचरनं एका सीझनमध्ये ३० मॅच हरलेल्या नाहीत. तरी तो दर वेळी बॉल हातात घेऊन उभा राहिला. वाईट खेळाडूला कोणता मॅनेजर तीसेक वेळा हरायला पाठवेल? दुसरा कुणी ठेवलाच नव्हता, म्हणून तो जात राहिला.

२०२१ मध्ये क्लीव्हलंडची आजची टीम नवीन नाव शोधत होती. तेव्हा काही चाहत्यांनी सुचवलं, 'स्पायडर्स' ठेवा. नाव ठरलं 'गार्डियन्स'. पण १३४ वेळा हरलेल्या टीमचं नाव सव्वाशे वर्षांनी कुणाला तरी परत हवं होतं, याचं मला फार बरं वाटलं.

माझी टीम मी डिलीट केली नाही. नियम तेवढा काढून टाकला. आता जो चांगला खेळतो, तो माझ्याकडेच राहतो. अजून हरतोच आहोत, पण भाऊ हसायचा थांबलाय.

चला, भेटूया पुढच्या भागात!