कळंबचा गुन्हा, ठाण्याचे दप्तर

कर्जतला एका वकिलांकडे माझी कारकुनी गेली. आता घरी बसतो, पण कळंब, पोशीर, नेरळकडची माणसे अजून दार ठोठावतात. "काका, आमच्या आज्यावर खुनाची केस झालेली म्हणतात. तिचा कागद मिळंल का?" मी आधी साल विचारतो. आज्याचे नाव नंतर. समोरच्याला ते विचित्र वाटते. आज्याहून साल मोठे कसे?

मोठेच असते. गुन्हा गावात घडतो, पण कागद हद्दीमागून जातो आणि आमच्या तालुक्याची हद्द फार हलली. १८६६ पर्यंत या तालुक्याचे नाव कर्जत नव्हतेच, नसरापूर होते. १८६९ मध्ये कुलाबा जिल्हा वेगळा निघाला तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यातच राहिले. पनवेल १८८३ मध्ये कुलाब्यात गेले, कर्जत १८९१ मध्ये, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला. खालापूर तर दीर्घकाळ कर्जतचा पेटा, म्हणजे पोटतालुका होता. म्हणजे कळंबात १८८० साली पडलेल्या दरोड्याची फाइल कोणी अलिबागेत शोधू लागला, तर त्याची एसटीची भाडी फुकट. तो दरोडा ठाण्याचा. शिवाय गुन्हा रुळांवर किंवा फलाटावर घडला असेल तर तो लोहमार्ग पोलिसांचा, मग मयत कळंबचा असो की वांगणीचा.

साल लागले की पुढचे धागे सापडतात. १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने गावातली पहिली खबर पोलीस पाटलाकडे. मग फौजदार, प्रेताचा पंचनामा, जबाब. पुढचा मुक्काम तालुक्याचा मॅजिस्ट्रेट, आणि तो बहुधा मामलेदारच असे. सारा वसूल करणारा आणि आरोपी कोठडीत धाडणारा माणूस एकच. मुंबई राज्यात ही दोन कामे १९५३ मध्ये वेगळी झाली. तोवरचे तालुक्याचे फौजदारी कागद महसुली दप्तरात मिसळलेले असू शकतात. फेरफारांच्या गठ्ठ्यात एखादा जुना जबाब निघाला, तर मला त्यात नवल वाटत नाही.

१८९८ च्या फौजदारी संहितेखाली खुनासारख्या गुन्ह्यात मॅजिस्ट्रेट आधी साक्षी घेई आणि मगच खटला सेशन्सकडे पाठवी. त्यामुळे जुन्या प्रकरणात एकाच साक्षीदाराचे दोन जबाब मिळतात, एक तालुक्यात दिलेला, दुसरा काही महिन्यांनी सेशन्स जज्जापुढे. मला या कामात खरी गोडी लागली ती इथे. तालुक्यात जो माणूस "मी कोयता पाहिला" म्हणतो, तोच सेशन्समध्ये "काळोख होता, नीट दिसले नाही" म्हणतो. मधल्या काळात गावात काय घडले, कोण कोणाच्या ओटीवर जाऊन बसला, याचा कागद नसतो, पण दोन जबाबांच्या फटीतून ते दिसते. १९७३ ची संहिता आली आणि मॅजिस्ट्रेटपुढच्या त्या साक्षी गेल्या. कामे सुटसुटीत झाली असतील, माझ्यासारख्याचे मात्र नुकसान झाले.

कागद वाचणे हे वेगळे प्रकरण. निकालपत्र इंग्रजीत, आणि पाटलाचा रिपोर्ट, पंचनामा, कधी जबाबसुद्धा मोडीत. मोडी वाचणारी पिढी सरली, आणि कोकणातला पावसाळा व वाळवी यांना लिपीशी देणेघेणे नाही. त्यातून वाचलेली फाइलही मुदत संपली की नियमाने नष्ट करतात. जास्त जपतात ते निकालपत्र. फाशीची शिक्षा असेल तर एक वाट उरते. अशी शिक्षा हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, म्हणून त्या प्रकरणाचा माग मुंबईतही असतो. हायकोर्ट १८६२ चे. त्याआधीचे पाहायचे तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले पुराभिलेखागार आणि न्यायखात्याचे जुने खंड.

एक गोष्ट कातकरी वाड्यांतल्या पोरांना मी मुद्दाम सांगतो. त्यांच्या पणज्याचे नाव सातबारावर बहुधा नाही, शाळेच्या रजिस्टरात तर नाहीच. ते सापडलेच तर दारूच्या, लाकडाच्या, मोहाच्या गुन्ह्यात. मोहाच्या फुलांवर १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाब्यासाठी कायदा केला होता. पण असले किरकोळ कागद कोण जपणार? दरोड्याचा किंवा खुनाचा आरोप झाला तरच त्या माणसाचे बोलणे टिकले, तेही कारकुनाच्या मराठीत.

उलट, ज्याच्याबद्दल सगळा तालुका बोलतो त्याचे निकालपत्र नाही. माथेरानचे भाई कोतवाल स्वतः वकील. १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात त्यांच्या भूमिगत आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील पडले. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, म्हणून आरोप नाही, साक्ष नाही, बचाव नाही. असतील ते पोलिसांचे कागद. त्यातही माथेरान कुलाब्यात, सिद्धगड मुरबाड तालुक्यात, म्हणजे ठाण्यात. पुन्हा तीच हद्द.

१९७२ मध्ये केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली तेव्हा पुरावा काय मागितला? तुरुंगाचा दाखला, कोर्टाचा निकाल, निदान सहा महिन्यांची कैद. भूमिगत असाल तर फरारी जाहीर केल्याचा हुकूम. ज्या कागदाची तीस वर्षे घरात कुजबूज होती तोच शोधायला लोक धावले. ज्यांना शिक्षा झाली त्यांचा कागद मिळण्याची आशा तरी होती. ज्यांनी दस्त्याला रानात भाकरी पोचवली आणि जे पकडलेच गेले नाहीत, त्यांनी काय दाखवायचे?

आताची नक्कल काढणे त्या मानाने सोपे. केस नंबर, साल, पक्षकारांची नावे, कोर्ट फी स्टँप. तिऱ्हाईत असाल तर कारण द्या आणि कोर्टाची परवानगी घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज इथे चालत नाही; कोर्टाच्या नियमांत नक्कल मिळण्याची सोय असेल तर त्याच वाटेने जा, असे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितले. ई-कोर्टवर घरबसल्या नाव टाकून शोधता येते, आणि २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे संवेदनशील सोडून बाकी एफआयआरही संकेतस्थळावर येतात.

त्यामुळे हल्ली सोयरिकीच्या चौकशीसाठीही लोक येतात. "मुलाचं नाव टाकून बघा ना." मी बघत नाही. आमच्याकडे एकेका गावात निम्म्या घरांचे आडनाव एक आणि पोरांची नावेही तीच ती. पडद्यावर आलेला आरोपी हाच नवरामुलगा, हे सांगणार कोण? शिवाय केस दिसते, पण निकाल उघडून वाचण्याची तसदी कोण घेतो? निर्दोष सुटलेला पोरगा पोलीसभरतीच्या पडताळणीसाठी नक्कल मागायला आला, तर त्याचा अर्ज मात्र मी स्वतः लिहून देतो, तोही फुकट.