शेतांत सांपडणारा गद्धेगाळ व त्याची जागा

उत्तर कोंकणांत नांगराच्या फाळास अडून कधीं कधीं एक चपटा, उभट दगड वर येतो. माथ्यावर चंद्रसूर्य व बहुधा कलश. मध्यें लेख किंवा नुसतीच कोरी जागा. तळाशीं स्त्री व गर्दभ यांचें असें शिल्प, कीं पाहणारा मान फिरवितो. वीरगळ म्हणावा, तर त्यांत झुंज नाहीं; सतीशिळा म्हणावी, तर कांकणें ल्यालेला हात नाहीं. मग कोणी त्यास शेंदूर फांसून देव करितो, कोणी अशुभ म्हणून पालथा घालितो. हा गद्धेगाळ होय. (वीरगळांतील ‘गळ’ हा कानडी ‘कल्लु’, म्हणजे दगड, येथील ‘गाळ’ मात्र शिवी. दोन्ही शब्द एकाच माळेंत ओंवण्याचा मोह आवरावा.)

परळ येथें सांपडलेला शिलाहार अपरादित्याचा शके ११०८ (इ. स. ११८७) चा लेख पाहावा. त्यांत दानाचा मजकूर संस्कृतांत आहे. पण शेवटीं शासन लोपणारास गाळ देण्याची वेळ येतांच भाषा मराठी होते, व ती गाळ त्याच्या मातेस गर्दभाशीं जोडते. शिल्पांतील स्त्री म्हणजे भूमि, असें कांहींजण मानितात. परळच्या लेखांत माताच स्पष्ट असतां ती कल्पना आम्हांस ओढूनताणून आणलेली वाटते.

हा भाषापालट फार बोलका आहे. ताम्रपटांच्या अखेरीस व्यासोक्त म्हणून येणारे श्लोक भूमिहर्त्यास साठ हजार वर्षें विष्ठेंतील कृमि होण्याचें भय घालितात. तें भय परलोकींचें, व संस्कृत जाणणारापुरतें. शिवाय ताम्रपट राहणार दान घेणाराच्या घरीं. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्यास तो कोण दाखविणार? त्याकरितां अक्षरशत्रूसही कळेल अशी शिवी जमिनीवरच उभी करणें प्राप्त होतें, व ती चंद्रसूर्य असेपर्यंत चालावी म्हणून ते वर कोरणें ओघानेंच आलें. म्हणून लेखविरहित गद्धेगाळ अर्धवट राहिलेला समजणें आम्हांस मान्य नाहीं. लेख नसला तरी त्याचें काम पुरें होत असे.

परंतु अशा दगडाचा उरलेला मजकूर म्हणजे त्याची जागा. ती गेली, कीं कोणती जमीन व कोणाच्या देवाची, हें विचारण्यास साधनच राहत नाहीं. यास्तव दगड हलविण्यापूर्वीं शेताचा सर्व्हे नंबर, शेताचें जुनें नांव, दगडाचें तोंड कोणीकडे होतें, जवळचा ओढा, तळें, पडकें देऊळ, एवढें तरी टिपून ठेवावें. अर्ध्या तासाचें काम आहे. एका गांवीं देवळाच्या भिंतीस टेंकून ठेविलेले असे दोन दगड आम्हीं पाहिले. दोन्ही लेखविरहित. कोठून आणिले म्हणून पुसतां गांवच्या वृद्धांनीं हात करून “खालच्या शेतांतून” एवढेंच सांगितलें. खालीं शेतें पुष्कळ होतीं.