रायफलीची दुर्बीण : विवर्धनाची निवड

रायफलीवर बसविलेल्या दुर्बिणीतून लक्ष्य किती पट मोठे दिसते, ते तिचे विवर्धन होय. काळाबरोबर ते सतत वाढत गेले, असे मात्र आढळत नाही. १८५५ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम माल्कम याने लांब नळीच्या दुर्बिणी बनविण्यास प्रारंभ केला. त्यांचे विवर्धन वीसपटीपर्यंत जाई. पुढे लष्करांनी ते कमीच ठेवले. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश ‘क्र. ३२’ दुर्बीण तीनपट, तर सोव्हिएट ‘पीयू’ साडेतीनपट होती. भारतीय सेनेने वापरलेल्या द्रागुनोव्ह रायफलीची (१९६३) दुर्बीणही चारपटच आहे.

याचे कारण प्रकाशकीय आहे. वस्तुभिंगाच्या व्यासाला विवर्धनाने भागले असता नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. द्रागुनोव्हचे वस्तुभिंग २४ मिमी. असल्याने ही शलाका ६ मिमी. येते व संधिप्रकाशातही पुरते. त्याच भिंगावर बारापट विवर्धन केल्यास ती अवघी २ मिमी. उरेल. शिवाय दृष्टिक्षेत्र आकुंचन पावते आणि हाताचा कंपही मोठा भासतो. व्हिएटनाम युद्धात अमेरिकी मरीन दलाने तीन ते नऊपट बदलत्या विवर्धनाची दुर्बीण वापरली, तेव्हा ही अडचण बरीच सुटली.

हवेची मर्यादा मात्र राहिलीच. यवतमाळ जिल्ह्यात बोरी अरबकडील काळी जमीन वैशाखात तापली, की तिच्यावरील हवा लहरू लागते. वाढते विवर्धन लक्ष्याबरोबर ही लहरही वाढविते. अशा दुपारी लांब पल्ल्यावर वीसपटीपेक्षा दहापट विवर्धन सोयीचे ठरते. जाणता नेमबाज याच लहरींवरून वाऱ्याची दिशा ओळखतो, हे वेगळे.

ऑलिंपिकच्या ५० मी. रायफल प्रकारात दुर्बिणीला मनाईच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी पॅरिस येथे २०२४ मध्ये कांस्यपदक मिळविले, ते सच्छिद्र लक्ष्यदर्शकाने नेम धरून.