अध्यापकांच्या अध्ययनाची परंपरा

सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच सिंहावलोकनाचाही प्रसंग होय. गाझियाबादेत स्थिरावलेल्या आम्हा मराठी कुटुंबांतील अनेक मुले हिंदी वातावरणाच्या शाळांतून शिकतात. घरी ‘शिक्षा’ म्हणजे दंड, शाळेत ‘शिक्षा’ म्हणजे विद्या. घरची ‘चेष्टा’ ही थट्टा, तर शाळेतील ‘चेष्टा’ हा प्रयत्न. असे मूल वर्गात गोंधळले तर त्याला मंद ठरवावयाचे की गोंधळाचे कारण शोधावयाचे, हे अध्यापकाच्या तयारीवर अवलंबून असते. ही तयारी करून देणाऱ्या उच्च शिक्षणाच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. त्याचे स्मरण या प्रसंगी उचित ठरेल.

मुंबईत १९०६ साली सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले. पुढे १९३६ साली मुंबई विद्यापीठाने एम.एड. ही पदवी सुरू केली. देशातील ती पहिलीच. अध्यापन ही केवळ हातोटी नसून संशोधनाचाही विषय आहे, या विचारास अशा रीतीने विद्यापीठीय मान्यता लाभली.

या विचाराला संस्थेचे रूप दिले कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे सुपुत्र जे. पी. नाईक यांनी. १९४८ साली त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. शिक्षणशास्त्राचे पदव्युत्तर अध्ययन व संशोधन हे तिचे कार्य. ही संस्था १९७६ साली पुण्यास गेली. योगायोग असा, की त्याच वर्षी मेरठपासून वेगळा होऊन आमचा गाझियाबाद जिल्हा अस्तित्वात आला.

विद्यापीठाबाहेरही हे कार्य चालू होते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे केंद्र उघडले. मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी मुलांना दोष न देता शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, पाने, खडे हीच शिक्षणाची साधने झाली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हे प्रयोग विस्तारले. निरीक्षण, प्रयोग, फेरविचार हा शास्त्राचा क्रम तेथे दररोज पाळला जाई.

दिल्लीत १९६१ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. ‘संशोधन’ व ‘प्रशिक्षण’ हे दोन शब्द तिच्या नावातच शेजारी बसले. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव नाईकच होते. अध्यापक-शिक्षण हे विद्यापीठांपासून, शाळांपासून आणि आपसांतही तुटलेले आहे, हे आयोगाने स्पष्टपणे मांडले. या निदानातील शाळेविषयीच्या भागाला उत्तर मिळण्यास दीर्घ काळ लागला. बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला व त्यात शाळेतील प्रत्यक्ष कार्यासाठी वीस आठवडे राखले गेले.

तथापि वर्षे वाढविल्याने दुरावा आपोआप मिटत नाही. प्रबंध मान्य होऊन ग्रंथालयाच्या कपाटात विसावला आणि वर्ग होता तसाच राहिला, तर त्या पदवीचा लाभ पदवीधरापुरताच उरतो. आमच्या मंडळींत अध्यापक आहेत, त्या मार्गावरील तरुणही आहेत. त्यांना आमचे नम्र निवेदन एवढेच, की संशोधनाचा विषय दूर शोधू नये. घरचा शब्द व शाळेचा शब्द यांच्या मध्ये अडखळलेले मूल समोरच्याच बाकावर बसलेले असते. ते का अडखळले याची नोंद ठेवावी, उपाय करून पाहावा आणि त्याचे फलित शेजारच्या वर्गातील सहकाऱ्यास सांगावे. बोर्डी-कोसबाडची परंपरा यमुनेच्या या तीरावरही चालू ठेवता येईल.