पाटी कुणाच्या हातात?

परवा कपाट आवरताना २०२० साली घेतलेला पेन-टॅब्लेट हाताला लागला. तेव्हा मी घरातूनच सातवीला गणित शिकवत होते. मी टॅब्लेटवर लिहायचं, मुलांना मोबाइलवर दिसायचं. मनात म्हटलं, जमलं की आपल्याला!

पुढे शाळा उघडली आणि वह्या हातात आल्या. एका मुलीने (अ + ब) चा वर्ग करताना मधलं २अब सगळीकडे गाळलं होतं. पानंच्या पानं. 'कळलं का?' विचारलं की ती 'हो बाई' म्हणायची. आणि मी पुढे जायचे.

तेव्हापासून या पेनचा इतिहास मी जरा वेगळ्या नजरेने वाचते.

१९७२ साली अ‍ॅलन के याने 'डायनाबुक'ची कल्पना मांडली. वहीएवढा संगणक, तोही मुलांसाठी. मुलांनी नुसतं बघायचं नाही, स्वतः काहीतरी करायचं. ते यंत्र तसंच्या तसं कधी तयार झालं नाही. १९९७ मध्ये अ‍ॅपलने खास शाळांसाठी 'ईमेट' काढला. त्याला कीबोर्डही होता आणि पेनही. पण पुढच्याच वर्षी तो बंद झाला.

मग २००२ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचे टॅब्लेट पीसी आले. पाच वर्षांत अमेरिकेत हेच सर्वांत जास्त खपतील, असं बिल गेट्स आदल्या वर्षी म्हणाले होते. तसं काही झालं नाही. यंत्रं महाग होती. पण कॉलेजांनी ती उचलली. २००६ पासून व्हर्जिनिया टेकने तर इंजिनिअरिंगच्या नव्या विद्यार्थ्यांना टॅब्लेट पीसी सक्तीचाच केला.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र वॉशिंग्टन विद्यापीठातली. रिचर्ड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'क्लासरूम प्रेझेंटर' नावाचं सॉफ्टवेअर केलं. सुरुवातीला त्यात प्राध्यापकच स्लाइडवर पेनने लिहायचे. पुढे तीच स्लाइड विद्यार्थ्यांच्या टॅब्लेटवर जाऊ लागली. विद्यार्थी तिच्यावर उत्तर लिहून परत पाठवायचे. प्राध्यापक त्यातलं एखादं उत्तर, नाव न दाखवता, पडद्यावर लावायचे. चूक सगळ्यांना दिसायची, पण कुणाची ते कळायचं नाही!

त्याच दशकात सलमान खानने नात्यातल्या एका बहिणीला दुरून गणित शिकवायला सुरुवात केली. काळ्या पडद्यावर रंगीत पेनने लिहिलेले त्याचे व्हिडिओ २००६ पासून यूट्यूबवर येऊ लागले आणि जगभर गेले. ते आहेतही छान. पण व्हिडिओत पेन एकाच्याच हातात असतं. २०२० मध्ये मीही तेच करत होते, आणि माझी मुलं तर रोज समोर हजर असायची!

खरं तर हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. लहानपणी आमच्या बाई गणित घालायच्या आणि म्हणायच्या, "पाट्या वर करा!" एका नजरेत त्यांना सगळा वर्ग कळायचा. पाटी लिहिण्यासाठी होती, तितकीच दाखवण्यासाठीही.

असो. टॅब्लेट अजून चालतो. वर्गातल्या प्रोजेक्टरला तो जोडायचा, असं ठरवलंय. पेन मात्र बाकांवरून फिरेल. आणि 'कळलं का?' असं विचारण्याऐवजी मी आता म्हणते, "करून दाखव बरं."